बिचारी कोण म्हणतंय? ॲना मे वाँगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात 'ॲना मे वाँग: इन हर ओन वर्ड्स' या डॉक्युमेंटरीबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही पानावर जागा उरली म्हणून, आणि त्यावर एवढी पत्रं नि मेसेज येतील असं अजिबात वाटलं नव्हतं. तेव्हा नेहमीचे प्रश्न (ओटीटीवर काय बघू, अमुक हिरोचं खरं नाव काय) या वेळी बाजूला ठेवतेय. रागावू नका, पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: तुम्ही "जरूर बघा" म्हणून मोकळ्या झालात, पण ही बाई कोण ते सांगितलंच नाहीत. आम्ही नाव पहिल्यांदा ऐकलं. (एक वाचक, सातारा)

चूक माझीच. ॲना मे वाँग म्हणजे हॉलिवूडची पहिली चिनी-अमेरिकन स्टार. जन्म ३ जानेवारी १९०५, लॉस एंजेलिस. घरचं नाव वाँग लिऊ त्सोंग. वडलांची लाँड्री होती, म्हणजे लोकांचे कपडे धुवायचे, इस्त्री करायची, गाठोडी बांधून घरोघर पोचवायची. आणि ही पोरगी डब्याचे पैसे वाचवून पिक्चर बघायला पळायची, घरी येऊन आरशासमोर रडायची प्रॅक्टिस करायची.

शाळेतली एक गोष्ट तिने स्वतः नंतर सांगितलीय ती माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या बाकावरचा मुलगा तिला टाचण्या टोचायचा, का तर चिनी लोकांना आपल्यासारखंच दुखतं का ते बघायला. मग ही शाळेत जाताना जाड कोट घालायला लागली. रडली नाही, तक्रार केली नाही, कोट घातला. हा कोट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९१९ मध्ये 'द रेड लँटर्न' नावाच्या पिक्चरला कंदील घेऊन चालणाऱ्या शेकडो चिनी मुली हव्या होत्या, त्यात ही एक, वय १४. तीनच वर्षांत, १७ व्या वर्षी, 'द टोल ऑफ द सी' मध्ये थेट हिरॉईन, आणि तोही पिक्चर रंगीत, १९२२ साली! मग १९२४ ला तेव्हाचा बडा हिरो डग्लस फेअरबँक्स याच्या 'द थीफ ऑफ बगदाद' मध्ये मंगोल दासी. तिथून नाव झालं.

डॉक्युमेंटरी यूना हाँग या बाईंनी केलीय, मूळच्या कोरियाच्या, राहतात न्यूयॉर्कला. साधारण तासाभराची आहे. तज्ज्ञ मंडळी खुर्चीत बसून बोलतात, जुन्या क्लिपा दिसतात, हे तर सगळीकडेच असतं. इथे वेगळं काय, तर ॲनाची पत्रं, मुलाखती, लेख यातले तिचे शब्द दोआन ली नावाची अभिनेत्री कॅमेऱ्याकडे बघून बोलते. सुरवातीला मला ते जरा नाटकी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांनी सवय होते आणि मग कळतं की ही बाई किती तिखट, किती मिश्कील बोलायची, आणि तिच्यावर पुढे जे जे लिहिलं गेलं त्यातून नेमका हाच मिश्कीलपणा गळून गेला.

प्रश्न: "चांगली भूमिका चिनी असूनही गोऱ्या नटीला दिली" असं कुठेतरी वाचलं. म्हणजे कायदा होता का तसा? का नुसता वर्णद्वेष? (वाचक, कल्याण)

तुम्ही म्हणताय तो पिक्चर 'द गुड अर्थ', एमजीएम कंपनीचा, १९३७ चा. चीनमधल्या शेतकरी नवरा-बायकोची गोष्ट, पर्ल बक यांच्या गाजलेल्या कादंबरीवरून. बायकोचं नाव ओ-लान. आता चिनी बाईचा एवढा मोठा रोल हॉलिवूडमध्ये पुन्हा कधी येणार, आणि तो करायला ॲनाशिवाय दुसरं आहे कोण, असं सगळ्यांना वाटत होतं, तिला स्वतःलाही.

पण नवऱ्याच्या रोलला कंपनीने पॉल म्युनीला घेतलं, तो गोरा. आणि त्या काळी हॉलिवूडमध्ये हेज कोड म्हणून नियमावली होती, ठरली १९३० ला, कडक लागू झाली १९३४ पासून. त्यात वेगवेगळ्या वंशांतलं प्रेम-लग्न दाखवायला बंदी. गंमत बघा, कोडमध्ये लिहिलेलं होतं गोरे आणि काळे यांच्याबद्दल, चिनी लोकांचा उल्लेखच नव्हता, पण स्टुडिओवाले हात राखून वागायचे, कशाला झंझट. म्हणजे गोऱ्याला पिवळा रंग फासून चिनी नवरा करायचा आणि तो मुळात गोरा आहे म्हणून त्याची बायकोपण गोरीच हवी! हे लॉजिक मी तीनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तर ओ-लान झाली लुईस रायनर, जर्मनीत जन्मलेली, आणि तिला त्या रोलचं ऑस्करही मिळालं. ॲनाला काय, तर लोटसच्या रोलसाठी टेस्ट. लोटस म्हणजे घर फोडणारी सवत. ॲनाचं म्हणणं सरळ होतं, ओ-लान द्या, आनंदाने करते, पण सगळ्या पिक्चरमध्ये चिनी लोकांचं काम अमेरिकन करणार आणि जी एकटी वाईट बाई आहे ती तेवढी खऱ्या चिनी नटीने करायची, हे नाही जमणार. लोटस शेवटी ऑस्ट्रियाची टिली लॉश नावाची डान्सर झाली.

मला इथे राहून राहून आपले अण्णा साळुंके आठवतात. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती पुरुषाने केली कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाईच मिळेना, फाळके बिचारे कुठे कुठे हिंडले. तिथे निदान अडचण खरी होती, आणि त्याच वर्षी दुर्गाबाई कामत नि त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर' मध्ये आल्याच की पुढे. इकडे ॲना दारात उभी होती, नावाजलेली, तयारीची, आणि तरी बाहेरून माणूस आणून रंग फासला. एक अण्णा, एक ॲना, पण गोष्ट उलटी.

कायद्याचं म्हणाल तर कायदेही होतेच. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला १८८२ पासून बंदी होती, ती उठली १९४३ ला. कॅलिफोर्नियात वेगळ्या वंशाच्या माणसाशी लग्न करायला १९४८ पर्यंत मनाई. आणि ॲना अमेरिकेतच जन्मलेली असूनही तिला देशाबाहेर जायचं तर वेगळं ओळखप्रमाणपत्र काढावं लागायचं, नाहीतर परत येताना आत घेतील याची खात्री नाही. १९२४ चं तिचं तसलं सर्टिफिकेट आजही बघायला मिळतं, फोटो चिकटवलेलं, 'थीफ ऑफ बगदाद' चं वर्ष ते! थिएटरवर पोस्टर आणि पर्समध्ये "ही इथलीच आहे हो" असा कागद.

प्रश्न: तिला पैसे तरी बरे मिळायचे का? (वाचक, अकोला)

बरे म्हणजे कोणाच्या मानाने? १९३१ चा 'डॉटर ऑफ द ड्रॅगन', यात ॲना हिरॉईन, तिला ६,००० डॉलर. जपानी हिरो सेस्यू हायाकावाला १०,०००. आणि वॉर्नर ओलंड, स्वीडनचा माणूस, चिनी खलनायक झालेला, पडद्यावर पाऊण तासही नाही, २३ मिनिटांत मरतो, त्याला १२,०००. पुढच्या वर्षी 'शांघाय एक्सप्रेस': हिरॉईन मार्लेन डिट्रिखला ७८,१६६ डॉलर आणि ॲनाला परत तेच सहा. लाँड्रीवाल्याची मुलगी होती ती, हिशोब कळत नसेल असं समजू नका.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते, तिने सुट्टीत येताना एक नाणं आणलं, त्यावर हीच बाई आहे म्हणते. खरं का? किंमत किती येईल? (वाचक, ठाणे)

एकदम खरं. २०२२ ला अमेरिकेने २५ सेंटच्या नाण्यांवर कर्तबगार बायकांची चित्रं काढायला घेतली त्यातलं हे. एका बाजूला नेहमीचे वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला हनुवटीला हात लावलेली ॲना आणि भोवती थिएटरच्या पाटीवर असतात तसे बल्ब. अमेरिकन नाण्यावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. किंमत म्हणाल तर काका, पंचवीस सेंट. कोट्यवधी पाडलीत. पण ठेवा जपून, आमच्याकडे तर तेही नाही.

प्रश्न: स्पष्टच लिहितो. मी यूट्यूबवर तिचे दोन पिक्चर बघितले. एकात दासी, एकात नखरेल नाचणारी जी शेवटी मरते. यात ग्रेट काय? अशा भूमिका करूनच तर चिनी बायकांची बदनामी झाली ना? उगाच आज उठून तिला डोक्यावर घेतात. (वाचक, पुणे)

पुण्याहून पत्र आलं की पहिला शब्द "स्पष्टच" असतो. असो. तुमचा अर्धा मुद्दा मान्य. ती मरायची, फार मरायची, आणि तिनेच थट्टेत म्हटलं होतं की माझ्या थडग्यावर लिहा "ही हजार वेळा मेली". कारण गोऱ्या हिरोशी तिचं लग्न दाखवता येत नाही, मग गोष्ट संपवायची कशी, तर मारा तिला. चुंबनसुद्धा कापायचे.

पण तुम्ही नाचणारी म्हणताय ती 'पिकॅडिली' मधली शोशोच ना? १९२९ चा, लंडनला केलेला मूकपट. तो परत बघा, आणि या वेळी गोष्ट सोडा, सुरवातीचा एकच भाग बघा. मोठा नाइटक्लब, झगमगाट, गोरी डान्सर नाचतेय, सगळे खुश, आणि मध्येच एक गिऱ्हाईक बोंब मारतं, माझी प्लेट घाण आहे! (तो तरुण चार्ल्स लॉटन, बरं का, पुढे मोठा नट झाला.) मालक तणतणत खाली उतरतो, किचनमधून अजून खाली, भांडी घासायच्या खोलीत, आणि तिथे वाफ, ढिगाने भांडी, आणि टेबलावर चढून ॲना नाचतेय, बाकीच्या भांडेवाल्या हातातलं काम सोडून बघत उभ्या. पायातले स्टॉकिंग्ज उसवलेले. नाच काही भारी नाहीये, हात असे हळू हळू हलतात फक्त, कंबर अगदी थोडी. पण वरच्या मजल्यावर पाच मिनिटं झगमगाट बघून जे होत नाही ते इथे अर्ध्या मिनिटात होतं. आणि मालक दिसल्यावर ती घाबरून उडी मारत नाही, थांबते, बघते. ते बघणं. रोल लिहिणाऱ्याने नखरेल लिहिला असेल हो, तिने त्यात एक माणूस आणून बसवला जो आपली किंमत मनात ठरवून बसलाय.

मी हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तो एका फिल्म क्लबात, तिथे स्पीकरने मान टाकली नि पार्श्वसंगीतही गेलं, एकदम चिडीचूप. सगळे वैतागले, कोणीतरी चहा मागवला. आणि त्या शांततेत हा सीन आला. कोणाचा कप वाजला नाही.

आणि एक. 'बिचारी, अन्याय झाला' हा सूर डॉक्युमेंटरीतले काही तज्ज्ञही लावतात, तो मला खटकतो. हॉलिवूडमध्ये दासीचेच रोल मिळतात म्हटल्यावर ती १९२८ ला सरळ उठून युरोपला गेली, वय २३. बर्लिनला जर्मन शिकली. १९३० ला एकच पिक्चर इंग्रजी, जर्मन नि फ्रेंच अशा तीन भाषांत निघाला आणि तिन्हीत ही स्वतः. आपल्या प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत नि हिंदीत केला, दुर्गा खोटे दोन्हीत, तो १९३२ चा, त्याच काळातली ही गोष्ट, फक्त इथे एक भाषा जास्त. लंडनच्या रंगभूमीवर तरण्या लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर नाटक केलं, समीक्षकांनी तिच्या अमेरिकन उच्चारांची टर उडवली, तर तिने शिकवणी लावून ब्रिटिश इंग्रजी कमावलं. मी वर कोट लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. टाचणी टोचली की ही कोट शिवून घेते.

प्रश्न: आणि चीनमधल्या लोकांना काय वाटायचं तिच्याबद्दल? (वाचक, नाशिक)

हाच प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती. 'गुड अर्थ' चं फिसकटल्यावर १९३६ च्या सुरवातीला ती चीनला गेली, आयुष्यात पहिल्यांदा. वय ३१. तोवर चिनी बायकांचे रोल करून करून नाव कमावलेलं आणि चीन बघितलेलाच नाही! शांघायला जंगी स्वागत झालं, आणि लोक बोलायला लागले मँडरिनमध्ये, तिला यायची फक्त घरची कँटनकडची बोली, मग आपल्याच लोकांशी दुभाषा लावून बोलायची वेळ आली. हे तिने स्वतःच हसत हसत लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या पेपरला ती प्रवासाचे लेख पाठवायची, आणि बरोबर कॅमेरामन नेला होता, त्याने फिल्म काढली, ती पुढे १९५७ ला अमेरिकन टीव्हीवर दाखवली.

पण हाँगकाँगच्या धक्क्यावर लोकांनी तिच्याविरुद्ध घोषणा दिल्या, चीनची अब्रू घालवणारी म्हणून. तिकडच्या पेपरांतही टीका व्हायची. तुम्हा पुणेकर काकांचाच मुद्दा, फक्त नव्वद वर्षांपूर्वीचा. वडील तेव्हा दक्षिणेत आपल्या मूळ गावी परत जाऊन राहिले होते, तिथेही ती गेली. पेकिंगला (आजचं बीजिंग) चिनी नाटक शिकायचं मनात होतं, तिथे लक्षात आलं की चिनी रंगभूमीच्या मानाने आपण फारच अमेरिकन आहोत. आणि अमेरिकेत फारच चिनी. धड इकडची ना धड तिकडची, असं तिने म्हटलंय, मराठीत नाही म्हणा.

इथे एक मला आवडलेली गोष्ट. तिची नि मेई लानफांग यांची ओळख होती. हे म्हणजे चीनचे बालगंधर्व समजा, पुरुष असून स्त्री भूमिकांचे बादशहा, सगळा देश त्यांच्यावर फिदा. लंडनचा १९३५ चा फोटो आहे, मेई, गायक पॉल रॉबसन आणि ॲना. म्हणजे बाईचं काम करून देशाचा लाडका झालेला पुरुष एका बाजूला, आणि स्वतः बाई असून देशाला नकोशी झालेली दुसऱ्या बाजूला, आणि सोबत रॉबसन.

दुसऱ्या महायुद्धात मात्र तिने १९४२ ला 'बॉम्ब्ज ओव्हर बर्मा' नि 'लेडी फ्रॉम चुंगकिंग' असे दोन छोटे पिक्चर केले आणि मानधन चीनच्या मदतनिधीला देऊन टाकलं. तरी १९४३ ला चीनच्या तेव्हाच्या नेत्याच्या पत्नी मादाम च्यांग काय शेक हॉलिवूडमध्ये आल्या, मोठा सोहळा झाला, त्यात ॲनाला जागा नाही.

प्रश्न: मर्ल ओबेरॉन तर आपल्या मुंबईची, मग पहिली आशियाई स्टार ती नाही का? (वाचक, गिरगाव)

वा, गिरगावकर. मर्ल ही पण त्या काळची हॉलिवूडची नटी, जन्म मुंबईचाच, १९११, वाढली कलकत्त्याला. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या पिक्चरसाठी तिला बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर नामांकन होतं. २०२३ ला मलेशियाच्या मिशेल योहने ते ऑस्कर जिंकलं तेव्हा पेपरवाल्यांची म्हणून तर पंचाईत झाली, पहिली आशियाई लिहावं की नाही.

पण मर्लने जन्मभर सांगितलं की मी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरची, गोरी. १९७८ ला तिथल्या होबार्ट शहराने तर तिचा आपली लेक म्हणून सत्कार ठेवला! पुढच्या वर्षी ती गेली, आणि मुंबईची जन्मनोंद नंतर उजेडात आली. यावरही एक डॉक्युमेंटरी आहे, 'द ट्रबल विथ मर्ल', २००२ ची. टास्मानियातले लोक अजून मानायला तयार नाहीत, तो भाग धमाल आहे. ही नि ॲना एकाच काळातल्या. मर्लला लपवता आलं, तिने लपवलं, आणि त्याबद्दल तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ॲनाला लपवता येणार नव्हतंच, आणि आलं असतं तरी तिने ते केलं असतं असं मला वाटत नाही, हा माझा अंदाज.

प्रश्न: डॉक्युमेंटरी आधी बघू का पिक्चर आधी? तिची टीव्ही सिरियल कुठे मिळेल? (वाचक, मडगाव)

सिरियल विसरा. १९५१ ची 'द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग', ॲना त्यात आर्ट गॅलरीची मालकीण कम डिटेक्टिव्ह, नावही तिचं स्वतःचंच, आणि आशियाई-अमेरिकन व्यक्ती मुख्य भूमिकेत असलेली अमेरिकेतली ती पहिली सिरियल. ड्युमाँट नावाचं चॅनल होतं, ते बंद पडलं, आणि या सिरियलचा एकही भाग आज शिल्लक नाही. ती स्वतः ३ फेब्रुवारी १९६१ ला गेली, हार्ट ॲटॅक, ५६ वर्षांची, नवीन पिक्चरची तयारी चालू असताना.

पिक्चर आधी बघा, डॉक्युमेंटरी नंतर. 'पिकॅडिली' सांगितलाच. 'शांघाय एक्सप्रेस' आवाजासाठी, काय खर्ज आहे बाईचा, आणि डिट्रिख समोर असूनही नजर हिच्यावर जाते. पण सगळ्यात आधी 'द टोल ऑफ द सी', तासाभराचाच आहे, नेटवर फुकट सापडतो. रंगीत आहे पण फक्त लाल नि हिरव्या रंगांतून बनवलेला, त्यामुळे झगे झगमगतात आणि समुद्र काही धड निळा होत नाही. हिची लोटस फ्लॉवर आपलं मूल गोऱ्या नवऱ्याच्या नव्या बायकोच्या हाती देते आणि समुद्राकडे जाते. १७ वर्षांची मुलगी हे करतेय हे विसरून जाल. आणि हो, हा पिक्चर हरवला असंच धरून चालले होते, मग निगेटिव्ह सापडली, पण शेवटचे शॉट नव्हते त्यात. तर १९८५ ला तो दुरुस्त करणाऱ्यांनी त्याच जुन्या दोन रंगांच्या पद्धतीचा कॅमेरा शोधून काढला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर गेले, आणि मावळतीचा समुद्र शूट करून जोडला. शेवटच्या लाटा दिसतील त्या तेव्हाच्या, ॲना जाऊन २४ वर्षं झाल्यानंतरच्या.